सभासद शंकरराव, मु. पो. राहू

रविवार, १९ एप्रिल १९९८

मोठा दिवस. पुण्याहून टीव्ही गेम आणला. विकत आणला, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो. मायाची शाळा संपली, सुट्टीत मुलीची बुद्धी गंजू नये हा एकमेव हेतू. माझा स्वतःचा काही इंटरेस्ट नाही.

सोबत एक कॅसेट फुकट. वर छापलंय : ९९९९९९ गेम. रोज एक खेळला तरी अडीच हजार वर्षं सहज पुरतील. तथागतांच्या काळात सुरू केलं असतं तर आत्ता कुठे संपत आलं असतं. बायकोने, गौतमीने, विचारलं, मायाला कधी द्यायचा खेळायला. म्हटलं, आधी मी तपासतो.

मंगळवार, २१ एप्रिल

संध्याकाळी यवत स्टँडवर चहाला. अलीमने आपल्या व्हिडिओ लायब्ररीत आता गेमच्या कॅसेटी ठेवल्यात. महिन्याची वर्गणी भरायची, हवी ती कॅसेट न्यायची, कंटाळा आला की बदलायची. लोक रांगेत उभे. मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत समजावून सांगितलं, की भाड्याची वस्तू आपली नव्हे. वर्गणी थांबली की हातात काय? शून्य. विकतची वस्तू नातवंडांपर्यंत जाते.

अलीम म्हणाला, साहेब, येकच गेम किती दिस खेळनार? मानूस कटाळतो. मी म्हणालो, तुझा सभासद झालो तर नाव बदलीन. हशा झाला. वजन पडलं.

रविवार, २६ एप्रिल

कॅसेट तपासून झाली. गेम प्रत्यक्षात आठ आहेत. नवव्यापासून तेच आठ परत येतात. पण फरक आहे. पहिल्या गेममधल्या माणसाची चड्डी निळी, नवव्यात लाल. बारकाईने पाहणाऱ्याला हे दोन वेगळे गेम आहेत. गौतमीला दाखवलं. ती भाकरी थापायला निघून गेली.

शनिवार, २ मे

कॅसेट लागेना. काढून फुंकर मारली, परत घातली. परत काढली. तासभर हेच. गौतमी म्हणाली, इतकी फुंकर चुलीला घातली असती तर पाव्हण्यांचा सैपाक झाला असता. मालकीच्या वस्तूची देखभाल करावी लागते, हे भाड्याच्या लोकांना कळणार नाही. बायकोला कळत नाही याचं जास्त वाईट वाटतं.

मंगळवार, ५ मे

अलीमच्या दुकानात नवीन कॅसेट. एक छोटा माणूस पळतो, वाटेत विहिरी येतात, त्या उडी मारून ओलांडायच्या, आणि सगळ्यात शेवटी किल्ला. म्हणे आजवर कुणीच घेतलेला नाही. मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून पाहिलं. दुकानाची पायरी चढलो नाही. एक एसटी सोडली, मग दुसरीही सोडली.

संकल्प : उद्यापासून घरी सरळ यायचं.

शुक्रवार, ८ मे

सभासद झालो.

असं लिहिलं की फार वाईट दिसतं. नीट लिहितो. अलीमला सांगितलं, की माझे सासरे, राहूचे शंकरराव, रेल्वेतून रिटायर झालेत, दिवस जात नाही, त्यांना गेमचा नाद लागलाय. त्यांच्या नावाने कार्ड कर, मी फक्त ने-आण करतो. अलीमने मान डोलावली. म्हणाला, या वयात? वा. कार्डावर लिहिलं : शंकरराव, मु. पो. राहू.

म्हणजे मी शब्द पाळला. नाव बदलीन म्हणालो होतो, बदललं. शिवाय सासरे, म्हणजे आप्पा, कधी यवतला येत नाहीत आणि अलीम कधी राहूला जात नाही. कुणाचं काय बिघडलं?

बुधवार, १३ मे

तिसऱ्या विहिरीत पडतो. रोज. पहिली दुसरी सहज जाते, तिसरी रुंद आहे. दोष रिमोटचा. उडीचं बटण चिकटतं.

अलीमने विचारलं, आप्पा कुठवर आलं? तिसऱ्या विहिरीत पडतात असं सांगणं बरं दिसेना. सासरा शेवटी आपला. म्हणालो, दहा विहिरी झाल्या.

रविवार, १७ मे

राहूला गेलो, गौतमी आणि मायासह. आप्पांचं नेहमीचं : पांढरा सदरा, कडक इस्त्री, ताठ मान. आयुष्यभर दौंडला रुळांवर मुकादमी केली. पत्त्याला हात लावलेला नाही, आणि लेव्हल क्रॉसिंगवर फाटक पडलं की सायकलसुद्धा खालून काढत नसत. घरात टीव्ही नाही.

आनंदाची बातमी. विहार नवीन बांधायचा ठरलाय. बांधकाम समितीचे अध्यक्ष आप्पाच, असं सगळ्या वस्तीने एकमुखाने ठरवलंय. बैठक पुढच्या महिन्यात, तिथे नाव जाहीर होणार. आप्पा बोलले एवढंच, की म्या नुसता हुबा ऱ्हाईन, काम पोरं करत्याल. पण सांगताना दोनदा चष्मा पुसला. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही हवंसं दाखवलेलं मी पाहिलेलं नाही. हे हवं होतं.

निघताना त्यांनी विचारलं, पाव्हनं, पिशवीत काय वाजतंय? आत कॅसेट होती. म्हणालो, कंपनीतला पार्ट. त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास आहे त्यांचा. एसटीत पिशवी मांडीवर घ्यावीशी वाटेना, पायाशी ठेवली.

शुक्रवार, २२ मे

अलीमला सांगितलं, आप्पांनी किल्ला घेतला. कसं सुटलं तोंडातून कळलं नाही. दुकानात गर्दी होती, कुणीतरी म्हणालं म्हातारा काय किल्ला घेतोय, आणि मला सासऱ्यांचा अपमान सहन झाला नाही.

सोमवार, २५ मे

संकट. दुकानाबाहेर काळा फळा लावलाय. रंगीत खडूने : या महिन्याचे उत्तम सभासद, शंकरराव, राहू. किल्ला सर केल्याबद्दल अभिनंदन. बाजूला फूल काढलंय.

अलीमला पुसायला सांगितलं. म्हणाला, का वो साहेब, म्हाताऱ्या मानसाचं कवतिक करू द्या की. दुपारी राहूचा म्हाळू मोटारीचं सामान घ्यायला आला होता, तो फळा वाचून लई हसत गेला म्हणे.

पाऊस आला की पुसला जाईल. आभाळाकडे पाहिलं. स्वच्छ.

रविवार, ३१ मे

गौतमी एकटीच राहूला जाऊन आली. चेहरा उतरलेला. म्हाळूने पारावर सांगितलं, की आप्पा यवतला मशीनवर खेळतात, फळ्यावर नाव आहे. राहूत गेम म्हणजे काय कुणाला ठाऊक? मशीन म्हटलं की पैसे लावायचं मशीन. आता वस्तीत कुजबुज, की विहाराच्या वर्गणीची पेटी अशा माणसाकडे कशी द्यायची. तोंडावर कुणी बोलत नाही. सासूबाईंनी आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, लोकांची चूक झाली आसंल, दुसरा कुनी शंकरराव आसंल.

गौतमीने मला विचारलं नाही. टीव्हीकडे पाहिलं, वर ठेवलेल्या कॅसेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

लाज वाटली. हे लिहिलंच पाहिजे. वाटली.

सोमवार, १ जून

संकल्प : राहूला जाऊन सगळ्यांना खरं सांगायचं. उद्या रजा टाकतो.

मंगळवार, २ जून

साहेबांनी रजा दिली नाही. मी मागितली नव्हती, पण चेहऱ्यावरून देणार नाहीत असं दिसत होतं.

गुरुवार, ४ जून

विचार करता असं लक्षात आलं, की घाईने एकेकाला सांगण्यात अर्थ नाही. बैठकीतच उभं राहून सांगावं. सगळे असतील, एकदाच होईल. धाडसाचं काम नेहमी चारचौघांत करावं. कॅसेट आज परत करणार होतो. उद्या करतो. तिसरी विहीर आज जवळजवळ गेली.

मंगळवार, ९ जून

भाषण तयार. सुरुवात अशी : बंधू-भगिनींनो, व्हिडिओ गेम हा जुगार नव्हे. मग थोडा तंत्रज्ञानाचा इतिहास. मग माझा भाग, दोन वाक्यांत. गौतमीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दोन वाक्यं आधी म्हना, बाकीचं न्हाई म्हनलं तरी चालंल. भाषणाची रचना तिला कळत नाही.

रविवार, १४ जून, सकाळी ६.४०

पांढरा शर्ट घातला. आज सांगणार. भाषण खिशात आहे. मन शांत आहे.

सोमवार, १५ जून

काल लिहिता आलं नाही. आजही येत नाही, पण लिहितो.

बैठक झाडाखाली. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका, गौतमी पुढे बसली होती. आधी वंदना झाली, मग पंचशील. सगळ्यांबरोबर मीही हात जोडून म्हटलं. चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. मी ते म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं, का ते माहीत नाही.

मग म्हाळू उठला. त्याचा काही वाईट हेतू नव्हता, उलट तो हात जोडून बोलत होता. म्हणाला, आप्पा, राग मानू नगा, येकदा तुमच्या तोंडानं सांगा म्हंजी इषय मिटला. यवतच्या फळ्यावर नाव हाय, शंकरराव, राहू. राहूत दुसरा शंकरराव न्हाई. त्यो सभासद कोन?

आता उठायचं होतं. खिशात हात घातला, कागद हाताला लागला. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग समोर गौतमीकडे पाहिलं, तिची मान खाली होती. माझे पाय बधिर झाले होते, मांडी घालून बसल्याने होतात.

आप्पा म्हणाले, नाव माझंच हाय. मीच खेळतो. पैशाचा खेळ न्हाई त्यो. पर ज्याच्याबद्दल इचारायची येळ येती, त्यो अध्यक्ष नगं. हौशीराम गुरुजींना करा, चांगला मानूस हाय.

गुरुजींचं नाव जाहीर झालं. टाळ्या वाजल्या, आप्पांनीही वाजवल्या. मी वाजवल्या की नाही आठवत नाही.

निघताना आप्पांनी मायासाठी गूळ बांधून दिला. मला म्हणाले, संबाळून जावा. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर रस्ता तरी सरला असता. गौतमी एसटीत शेजारी बसली नाही, मायाला घेऊन पुढे बसली.

गुरुवार, १८ जून

अलीमच्या दुकानाची पायरी चढलो. त्याला सगळं सांगितलं. तो हसेल म्हणून तयारी करून गेलो होतो. हसला नाही. फळा स्वतःच पुसला. म्हणाला, साहेब, तुम्ही नुसतं आला असता तर तुमच्या नावानं दिली असती की कॅसेट. मी काय म्हनलो असतो?

खरंच काय म्हणाला असता? एक दिवस लोक हसले असते, बस.

कार्ड आता माझ्या नावाने आहे. राहूला जाऊन सांगायचं अजून बाकी आहे. येत्या रविवारी नक्की.

रविवार, २१ जून

राहूला जायची वेळच आली नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने आप्पाच आले. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. पाणी प्यायले, खुर्ची नको म्हणाले, टीव्हीसमोर सतरंजीवर मांडी घालून बसले.

म्हणाले, जन्मात पहिल्यांदा खोटं बोललो. तेबी शील घेऊन. आता ते खरं तरी करू. लावा तुमचं मशीन आन् शिकवा.

मी म्हणालो, आप्पा, मी राहूला येऊन सांगतो सगळ्यांना. ते म्हणाले, त्या दिवशी बोलायचं व्हतं. आता सांगितलं तर गुरुजींना वाटंल आपन दुसऱ्याची खुर्ची घेतली. लावा.

गौतमी दारात उभी होती. मी कॅसेट लावली. पहिल्याच फुंकरीला लागली, आजच.

रिमोट त्यांनी दोन्ही हातांत धरला. माणूस पळाला आणि पहिल्या विहिरीत गेला. परत पळाला, परत गेला. आप्पांनी विचारलं, ह्या हिरीला कठडा कसा न्हाई? कंच्या ग्रामपंचायतीची हाय? मायाने तोंडावर हात दाबला. ते मात्र गंभीर होते. एकेक चूक सुधारत होते, गाडी यायच्या आत रूळ नीट करावा तशी घाई नाही की आळस नाही. जेवायच्या वेळेपर्यंत दुसरी विहीर ओलांडली होती.

मग रिमोट माझ्याकडे दिला. म्हणाले, फळ्यावर लिवलं व्हतं मी किल्ला घेतला. मानसानं घेतलाय तर बघितला तरी पायजे. दावा कुठं हाय.

मी खेळलो. सगळे बघत होते. तिसऱ्या विहिरीत पडलो. परत खेळलो, परत पडलो. बटण चिकटतं असं सांगणार होतो, पण आत्ताच सगळा वेळ त्याच बटणाने आप्पा खेळले होते. शेवटी रिमोट खाली ठेवला आणि म्हणालो, आप्पा, किल्ला मी पाहिलेला नाही. इतक्या दिवसांत एकदाही नाही.

आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला.

म्हणाले, सरका.

मी सरकलो.