पाच इलेक्ट्रॉन कुणीकडे?

४ जुलै

चि. मास्तरीणबाई, अ. उ. आ.

काकूचा गुडघा बरा आहे, माझं डोकं नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं मी परीक्षानळ्या धुतोय आणि साहाय्यकाच्या परीक्षेत दोनदा आपटलोय. वयामुळे आता ही शेवटचीच संधी. दोन्ही वेळा घात केला तो आम्लातल्या रेडॉक्स, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीच्या, समीकरणांनी. ऑक्सिजन कमी पडला की मी सरळ लिहून टाकतो. सरांनी विचारलं, की हा हवेतून आणला का. मी हो म्हणालो! पालथ्या घड्यावर पाणी. यंदा फॉर्म भरूच नये म्हणतो.

लोभ असू दे, मार्क नसले तरी.
तुझा काका

११ जुलै

ती. काका, सा. न. वि. वि.

असं कसं चालेल? फॉर्म भराच. जांभळं परमँगनेट घ्या, भार उणे एक; आम्लात त्यातल्या मँगनीजचा अधिक दोन भाराचा आयन होतो, तो उजवीकडे. डावीकडे परमँगनेटमध्ये चार ऑक्सिजन आहेत, म्हणून उजवीकडे पाण्याचे चार रेणू. पाण्यात आठ हायड्रोजन आले, म्हणून डावीकडे आम्लातले आठ हायड्रोजन आयन. शेवटी विद्युतभार जुळवायला उजवीकडे पाच इलेक्ट्रॉन. झालं! मी वर्गात हे झोपेतही शिकवते. मुलं झोपेतच ऐकतात.

काकूंना नमस्कार. माया आहे तशीच ठेवा.
तुमची पुतणी

१९ जुलै

चि. मास्तरीणबाई, अ. उ. आ.

तुझं पत्र पाठ केलं. पण भार मोजला तर डावीकडे अधिक सात, उजवीकडे उणे तीन! गाढव आपणच, हे धरून चालायची मला जुनी सवय. त्यामुळे तीन दिवस स्वतःचीच चूक शोधत बसलो. निम्मी वही संपली, काकूच्या किराणा यादीमागेही आयन लिहिले. चौथ्या दिवशी भीत भीत तुझे पाच इलेक्ट्रॉन उचलून डावीकडे ठेवले. दोन्हीकडे अधिक दोन!

काकू म्हणाली, पोरीला कळवू नका, बिचारीला वाईट वाटेल. मी म्हटलं, वाटू दे थोडं, मला बावीस वर्षं वाटतंय. खरं सांगतो, नळ्या धुताना शिट्टी वाजवत होतो. सर दोनदा डोकावून गेले.

माझं बरोबर आहे का ते कळव, असं लिहिणार होतो. पण मोजून पाहिलंय, तेव्हा कळवायची गरज नाही. फॉर्म आज भरला.

झोपेत शिकवू नकोस. लोभ आहेच.
तुझा काका