आठवी बाजू

बाबा, काल तुमचं ते पियानोचं संगीत मी अखेर पुरतं ऐकलं, आणि तुमच्यावरचा राग पुन्हा मस्तकात गेला. नातवाने मोबाइलवर लावून दिलं. तीन वेळा कान देऊन ऐकलं. मी बरोबर होते.

तुम्ही केनवडच्या मराठी शाळेचे हेडमास्तर. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाने अकोल्यात सामान विकलं, त्यातून तुम्ही चावीचा फोनो आणि पियानोच्या एकाच लांब रचनेच्या चार तबकड्या आणल्यात. रविवारी दुपारी आपल्या ओसरीवर बैठक बसायची, थेट पोथीसारखी. पाय धुवायचे, डोक्यावर टोपी, मधे उठायचं नाही. तुम्ही एक तबकडी लावता, संपली की उलटता, मग दुसरी घेता. मधेमधे अर्थही सांगता. शेवटची बाजू अगदी संथ, उदास. "सायेब विरक्त झाला," तुम्ही पियानो वाजवणाऱ्याबद्दल म्हणता, आणि म्हातारे माना डोलावतात.

मी तेव्हा वाशिमला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत जात होते. दिवाळीच्या सुट्टीत तबकड्या पुसताना आकडे दिसले. पहिलीवर एक, आणि तिच्याच पाठीवर आठ. दुसरीवर दोन आणि सात. म्हणजे चारही तबकड्यांची पुढची बाजू आधी लावायची, मग शेवटच्या तबकडीपासून उलट मागल्या बाजू. आपोआप तबकड्या बदलणाऱ्या यंत्रासाठी असे आकडे असायचे, हे मला पुढे कळलं. कानाला ते खटकत होतंच. पियानो चढत चढत जायचा, तुम्ही तबकडी उलटायचात आणि एकदम शेवटाचा धडाका. तुम्ही चुकीच्या क्रमाने लावता, असं भर बैठकीत मी बोलून गेले.

"पोथीचं पान उलटलं तं मांगं दुसराच अध्याय येते का?" तुम्ही विचारलंत. सगळे हसले. मी आकडे दाखवले. तुम्ही ते पाहिलेत, बाबा. मग म्हणालात, "चार बुकं शिकली तं बापाले शिकवून राह्यली. बस झाली तुयी शाळा."

बस म्हणजे बसच. सुट्टी संपली आणि माझी ट्रंक माळ्यावर गेली. पोरी शाळेत पाठवा म्हणून गावभर दारोदार हात जोडणारे तुम्ही! चूक कबूल करण्यापेक्षा स्वतःची पोर घरी बसवणं तुम्हाला सोपं वाटलं. हे मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

काल पियानो चढत गेला आणि मधे कुणी तोडला नाही. मी नातवाला म्हटलं, बघ, मी बरोबर होते. तो "हो आजी" म्हणाला आणि मोबाइल घेऊन गेला. त्याला काय कळणार? हे ज्याला कळलं असतं असं माणूस एकच होतं. तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते: मला सगळ्यात आधी तुम्हालाच हाक मारावीशी वाटली, आणि त्याचाच जास्त राग आला.