तुम्हाला कोण मारतं?

फुची, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता काही सांगितलं तरी तुम्ही रागावणार नाही, अशी मी माझी समजूत घातली आणि लिहायला बसले. तुमच्या भाषेत आजीला फुची म्हणतात, हे तुम्हीच मला शिकवलंत, तेही दरडावून. ॲन आर्बरच्या त्या बसस्टॉपवर थंडीने माझे दात वाजत होते, आणि मी कंबरेत वाकून तुम्हाला अस्सल जपानी अदबीने 'सेन्सेई' म्हटलं. तुम्ही तोंड वाकडं केलंत. "ते जपान्यांना म्हण. मी ऐनू आहे. मला फुची म्हण." पुण्यात जपानी शिकलेली, भाषाशास्त्र शिकायला अमेरिकेत आलेली आणि त्या टर्मपुरती तुमची दुभाषी म्हणून नेमलेली मी! ऐनू म्हणजे जपानच्या उत्तरेच्या बेटावरचे मूळचे लोक आणि त्यांची भाषा आता संपत आली आहे, एवढं मी पुस्तकात वाचलं होतं. त्यांतलीच एक बाई समोर उभी राहून आपल्यावर खेकसेल, असं पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं.

ऐनू शिकवायला बोलावून युनिव्हर्सिटीने तुम्हाला दिलेल्या घराचं स्वयंपाकघर एवढंसं होतं, पण तुमचा खरा वर्ग तिथेच भरायचा. तुम्ही माशाचं आणि बटाट्याचं सूप शिजवत ठेवायचात. मी मासे खात नाही म्हटल्यावर माझ्या वाडग्यात नुसते बटाटे काढून द्यायचात आणि वर म्हणायचात, "मासा शेजारून पोहून गेलाय फक्त." एकदा असेच बटाटे सोलताना तुम्ही सांगितलंत, शाळेत ऐनू शब्द तोंडातून निघाला की बाई तळहातावर छडी मारायच्या. पुढे तुम्हाला मुलगी झाली, तेव्हा तिच्याशी आपल्या भाषेतला एक शब्दही बोलायचा नाही असं तुम्ही ठरवलंत, आणि बोलला नाहीत. तिला तरी कुणी हसू नये, एवढंच मनात होतं. मग तुमची आई गेली आणि एक दिवस तुमच्या लक्षात आलं, की घरात आता आपल्या भाषेत बोलायला फक्त चुलीतला विस्तव उरला आहे. त्यानंतर तुम्ही शेजारपाजारची मुलं गोळा करून त्याच चुलीपाशी शिकवायला बसलात. तुमच्या सख्ख्या बहिणीने येणं-जाणं तोडलं. कारण काय, तर तुमच्यामुळे ती ऐनू आहे हे सगळ्यांना कळलं. आणि मुलगी? "ती त्या वर्गाला कधीच आली नाही," तुम्ही म्हणालात आणि सालं उचलून टाकलीत. मला तेव्हा सहावा महिना होता.

जवळच्या नोव्हाय गावात आम्हाला एका काकूंकडे रविवारचं जेवण होतं, तिथे तुम्हाला न्यायची हौस माझीच. आमच्या मराठी लोकांत जरा मिरवावं, असंही असेल. तुम्ही तो नक्षीचा अंगरखा घातलात, दोनदा श्रीखंड मागून घेतलंत आणि काकू तुमच्या प्रेमातच पडल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी तुम्हाला गोष्ट सांगायची गळ घातली. तुम्ही म्हणालात, आमच्याकडे नुसतं गप्प बसून ऐकायचं नसतं. ऐकणाऱ्याने चुलीच्या कडेवर काठी ठोकायची आणि मधूनमधून 'हेट! हेट!' ओरडायचं, म्हणजे सांगणारीला कळतं, मंडळी जागी आहेत. मी म्हटलं, आमच्याकडे पण हुंकार देतात की! तुम्ही इतक्या खूश झालात. काकूंनी लाटणी, उलथनी, लाकडी चमचे, हाताला येईल ते आणलं. मुलांनी ती कॉफी टेबलावर बडवून बडवून घर डोक्यावर घेतलं. ऐनूतलं एक अक्षर कुणाला कळत नव्हतं, पण काय मजा आली, बाई गं!

मग तुम्ही एक लाटणं हातात घेतलंत आणि म्हणालात, "आता तुमच्या भाषेतली सांगा. मी ठोकते." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. आया कोपराने ढोसत होत्या, "सांग ना रे, काय लाजतोस!" एक मुलगी म्हणाली, "I don't know any." शेवटी मीच पुढे झाले. आजोळी ऐकलेली कोल्ह्याची गोष्ट सुरू केली, आणि तुमचं लाटणं माझ्या प्रत्येक वाक्यामागून ठक ठक येत राहिलं. मुलं चुळबुळायला लागली. काकू म्हणाल्या, "अगं, किड्सना फॉलो होत नाहीये, यार. इंग्लिशमध्येच सांग ना." आणि मी, जराही न अडखळता, कोल्ह्याला इंग्रजीत बोलायला लावलं. लाटणं थांबलं. तुम्हाला मराठी येत नव्हतं, इंग्रजीही येत नव्हतं. तुम्ही ते लाटणं मांडीवर आडवं ठेवलंत आणि माझ्याकडे बघत बसलात. मला दिसलं. तरी मी गोष्ट इंग्रजीतच पुरी केली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना नवरा गाडी चालवत होता, तुम्ही मागे माझ्याशेजारी होतात. "या मुलांना शाळेत मराठी बोलल्यावर कोण मारतं?" तुम्ही विचारलंत. कुणी नाही, मी म्हटलं. "आईबापांना नोकरीवरून काढतात?" नाही. "मग?" मी नवऱ्याला मराठीत सांगितलं. तो हसला, म्हणाला, "त्यांना सांग, इथलं वेगळं असतं." मी ते जपानीत सांगितलं. तुम्ही खिडकीच्या काचेवरची वाफ हाताने पुसलीत. मग म्हणालात, "आम्हाला निदान कुणावर रागवायचं ते माहीत आहे." घरी उतरताना माझ्या पोटावर हात ठेवलात. "याच्याशी बोल. माझ्यासारखं करू नकोस." मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं, फुची, ते खोटं नव्हतं.

बोलले मी. पाच वर्षांचा होईपर्यंत तो चुरुचुरु मराठी बोलायचा, भांडायचा देखील मराठीत. मग किंडरगार्टनच्या बाईंनी मला बोलावलं. गोड बाई. मला कॉफी दिली, त्याच्या चित्रांचं कौतुक केलं आणि म्हणाल्या, घरी थोडं इंग्रजी बोललात तर त्याला सोपं जाईल. यात काही तथ्य नाही, हे भाषाशास्त्र शिकलेल्या मला ठाऊक नव्हतं? मी स्वतः ते वर्गात शिकवत होते! तरी मी त्यांचे आभार मानले. तुमच्या बाईंना छडी उचलावी लागली होती. मला नुसतं हसून सांगितलं आणि तेवढ्यावर भागलं. पुढे एकदा दुकानात मी त्याला मराठीत हाक मारली, तर तो इकडेतिकडे बघत कुजबुजला, "Mom, not here." तेव्हापासून मी दुकानातही बंद केलं.

तुम्ही गेल्याचं आमच्या प्रोफेसरांनी कळवलं, त्या दिवशी मी खूप रडले. त्यानंतर गावोगावी भाषणांत तुमच्याबद्दल बोलले. तुमची छडी, तुमची चूल, तुमची वर्गाला न आलेली मुलगी. लोक डोळे पुसतात, नंतर भेटायला येतात, माझा हात हातात घेतात. मग घरी येऊन मी मुलाला "Dinner's ready" म्हणून हाक मारते. तुमच्या दुःखावर मान मिळवला मी, आणि शिकले काय? कप्पाळ! स्वतःची लाज वाटते म्हणजे काय, ते अशा वेळी कळतं. कुणी पकडलेलं नसतं, तरी मान वर होत नाही.

नवरा गेल्यापासून या घरात मी एकटीच असते. आज मुलगा आलाय सुट्टीला. मघाशी कॉफी ठेवायला जागा करताना त्याने हेच कागद उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि हसून विचारलं, "What's this, Mom? Recipe?" मी म्हटलं, "Nothing." त्याने ते नीट जुळवून परत ठेवले. गुणी आहे हो, पोरगा.

हे मी तुम्हाला जपानीत लिहायला हवं होतं, मोडकंतोडकं का होईना. तुमच्याशी माझी तीच भाषा होती. इंग्रजीत तर भराभर झालं असतं. पण इंग्रजीत लिहिलं असतं, तर लपवून ठेवावं लागलं असतं. मराठीत लिहिलंय, म्हणून हे असंच टेबलावर उघडं टाकून मी भाजी आणायला जाऊ शकते. या घरात आता ते वाचणारं कुणी नाही.