न उडणारा रुमाल

१० नोव्हेंबर १९७२, शुक्रवार

आज दाजीनं अक्काला ओल्या कासऱ्यानं मारलं. कारण काय — भाकरीला एका बाजूनं डाग पडला! मी दारातच होतो. मध्ये पडलो तर एक फटका माझ्या कानावर. अजून कानात भुंगा फिरतोय.

केशरबाई, तिची सासू, चुलीपाशी शेंगा फोडत बसलेली. हात न थांबवता म्हणाली, "पोटावर नको रं मारू, मच्छिंद्रा. पाठ हाय की."

अक्काला पाचवा महिना आहे. मागलं पोर ह्याच्याच लाथेनं गेलं.

भाऊबीजेला म्हणून घोडेगावला आलो. उद्या श्रीगोंद्याला निघणार होतो. कारखान्याचा सीझन लागलाय, कायतरी काम मिळालं असतं. सातवीत शाळा सोडली तेव्हापासून पायाला भिंगरीच.

निघावं का? कळत नाही.

११ नोव्हेंबर

अक्काच्या उजव्या हाताची दोन बोटं काळीनिळी. ती कासऱ्यानं नाहीत. कशानं — सांगत नाही.

"चल, देवळालीला जाऊ," म्हणालो.

"मागल्या खेपेला आईनं दारातनंच परत धाडलं, इसरलास? पुढल्या खेपेला हितनं मी आडवीच जाईन बघ." आणि हसली! असं बोलून हसते.

श्रीगोंदा राहिलं. हिला ह्या घरातून जिवंत काढायची. पोटातल्यासकट. नाहीतर दाजीला मारायचा. तिसरं काही सुचत नाही.

१३ नोव्हेंबर

दाभण आणायला निघालो होतो, पोती शिवायची जाड सुई. वाटेत सडकेवर भुशाचा ट्रक उलटलेला. माणसं पाट्या घेऊन धावली, मागनं गुरं. भुशावरनं दोन म्हशींची जुंपली. एकीचं शिंग मुळासकट निघालं, तरी ती ढुशा देतच होती. रक्त डोळ्यात, तरी देतच होती. दिवेलागणीपर्यंत बघत उभा राहिलो.

दाभण राहिलं.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

डावी करंगळी मोडली. उजवा हात शाबूत आहे म्हणून लिहितोय.

दाजी बैलबाजारात हेड्या आहे. घेणारा आणि विकणारा, मध्ये हा. किंमत कुणी तोंडानं बोलत नाही. हातावर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला नुसता रुमाल दिसतो. यंदा पाऊसच नाही. वैरण संपली म्हणून लोक बैल घेऊन येतायत आणि हा दिवसाला वीस-वीस सौदे तोडतोय.

मला हाक मारली. "या, पाव्हणं! आपला बी एक सौदा हुन जाऊ दे."

उजवा हात पुढं केला तर म्हणतो, "लिहिणारा हात ऱ्हाऊ दे, मास्तर. डावा दे." भोवतीची माणसं हसली. रुमाल टाकला. आत माझी करंगळी धरली. तोंडावर हसू तसंच.

"अक्काला नेतोस म्हनं? म्हातारीनं ऐकलंय. सांग, कितीला नेतोस?"

आणि मागं वाकवत नेली. हळूहळू. काडी मोडल्यासारखा आवाज झाला, पण तो बैलांच्या घुंगरात गेला. ओरडलो नाही. कशाला ओरडू — त्याला तेच पाहिजे होतं.

मग तिथंच उभा राहून बघितलं. म्हाताऱ्या शेतकऱ्यांचे चेहरे बघितले. रुमाल पडला की तोंडं पांढरी होतात आणि मान हलते. हो म्हणतात! पडेल त्या भावाला हो म्हणतात. का, ते आज कळलं.

घरी अक्कानं माझी करंगळी बघितली. पळसाची काडी लावून चिंधी बांधली.

"माझी बी अशीच मोडली. गोधडीखाली," म्हणाली. मग चिंधी आवळत — "बाजारात म्हाताऱ्यांना बी असंच करतो का रं?"

"व्हय."



१८ नोव्हेंबर

दाजीला नवा रुमाल पाहिजे. काल वाऱ्यानं जुन्याचं टोक दोनदा उचललं. अक्काला म्हणाला, "काठ दुमडून आत शिसं घाल, मासे धरायच्या जाळ्याला लावत्यात तसल्या गोळ्या. वरनं लाल गाठी मार. दिसला पाहिजे झकास! तुझ्यावानी गाठी गावात कुनाच्या न्हाईत." बोटं मोडणारा हाच आणि गाठी मागणाराही हाच!

तो गेल्यावर अक्का म्हणाली, "कान्या, तू मार गाठी. मी सांगते तसं."

"मी? बाईमाणसाचं काम?"

"करंगळी लागत न्हाई त्याला."

शाळेतल्या गुरुजींच्या बायको दमयंतीबाई पोरींना भरतकाम शिकवतात, अक्का अधूनमधून मदतीला जाते. त्यांच्याकडून लाल दोऱ्याच्या लडी आणल्या. त्यांनी काळा चष्मा लावलेल्या मांजराचं चित्र दाखवलं, फुल्याफुल्यांच्या टाक्यांचं. ते बघण्यात तास गेला.

१९ नोव्हेंबर

गाठ अशी — सुई खालून वर काढायची. सुईला दोऱ्याचे दोन वेढे. डाव्या अंगठ्यानं दोरा ताणून धरायचा आणि सुई परत त्याच भोकात घालून खाली ओढायची. वर दाणा उभा राहतो, डाळिंबाच्या दाण्यासारखा.

माझ्या पहिल्या वीस गाठी फुस्सकन खाली निसटल्या. रागानं कापडच फाडणार होतो.

"ओढू नगं. हळू घे. त्याच भोकात, बरोबर त्याच." अक्का माझ्या हाताकडं बघत होती, तोंडाकडं नाही.

दुपारी दाजीनं गाईच्या तोंडावर काठी मारली. दात पडला. मी अंगणात दगड उचलला होता. अक्कानं माझं मनगट धरलं. मोडक्या बोटांनी!

२२ नोव्हेंबर

दोनशे गाठी झाल्या. एकच दोरा सलग. बोटं सरावलीत. गाठ मारताना डोकं शांत राहतं आणि त्या शांतपणात दाजीचा गळा दिसतो. घाटी वर-खाली होते ती जागा.

आज दाभण आणलं. पाट्यावर घासून टोक काढलं.

२३ नोव्हेंबर

श्रीगोंद्याचा टेम्पो उभा होता. एक पाय फळीवर ठेवला होता. परत आलो.

२६ नोव्हेंबर

अक्काला ढकललं. उंबऱ्यावर पडली, कुशीवर. दिवसभर पोटाला हात लावून बसली होती. संध्याकाळी म्हणाली, "हाललं. हाय अजून." आणि लगेच — "काठ किती ऱ्हायला?"

वेडी झाली का ही? मी म्हणालो, "येत्या शुक्रवारी मी दाजीला खलास करतो. बाजारातच."

"आधी रुमाल पुरा कर."

३० नोव्हेंबर

झाला. सगळ्या काठाला लाल दाणे, आत शिसं. दुमड ह्या गाठींनीच धरलेली, दुसरी शिवण नाही. अक्कानं भाताची दाट पेज करून काठ त्यात बुडवला आणि उन्हात वाळवला. कडक झाला. "पेजेनं गाठ बसती," म्हणाली.

दाजीनं काठ ओढून बघितला. नखानं टोकरून बघितला. एक गाठ हलली नाही.

"तुझी बोटं तर मोडकी. कुनी केल्या?"

"कान्यानं," अक्का ताडकन म्हणाली. "एकूण एक त्याचीच."

दाजी हसून हसून खोकला. "बायली पाव्हणा! एक जरी निसटली तर राहिलेली नऊ बोटं माझी!"

१ डिसेंबर, शुक्रवार



कमरेला दाभण. दाजीपासून तीन पावलांवर उभा. वारं सुटलेलं, धूळ नुसती. बाकी हेड्यांचे रुमाल फडफडत होते, दाजीचा ढिम्म. "बघा! माझा उडत न्हाई!" म्हणून प्रत्येकाला काठ हातात देत होता. दुपारपर्यंत शंभर घामट हात लागले असतील. काठाचा कडकपणा गेला, लोळागोळा झाला. पेज घामानं सुटली असणार.

पाथर्डीकडचा कारभारी नावाचा म्हातारा, खिलारी जोडी घेऊन. दाजीनं रुमाल टाकला. म्हाताऱ्याचं तोंड पांढरं झालं. मी दाभणाला हात घातला.

टप्. शिशाची गोळी दाजीच्या वहाणेवर पडली. टप्, टप्. काठातून लाल दोरा गांडुळासारखा लोंबायला लागला, आणि एकामागून एक दाणे आतल्या आत गायब! दाजी खाली बघेपर्यंत वाऱ्यानं रुमाल उचलला आणि कारभाऱ्याच्या पागोट्यावर नेऊन टाकला.

उघड्या उन्हात सगळ्यांनी बघितलं. म्हाताऱ्याचा अंगठा मनगटापर्यंत उलटा वाकवलेला. त्यावर दाजीची मूठ. आणि दाजीच्या तोंडावर हसू — ते आवरायला त्याला सुचलंच नाही.

मग मागून एक जण ओरडला, "माजं बोट बी आसंच मोडलं ह्यानं!" त्यानं हात वर केला. मग दुसऱ्यानं. मग सातआठ हात वर. वाकडी बोटं.

पहिला चाबूक तोंडावर बसला. मग जुवाच्या खिळी, काठ्या, पायताणं. दात, रक्त, माती. तो हातावर रांगत बाहेर निघाला, तेवढ्यात खिलारी जोडी बुजली. उजवं मनगट बैलाच्या खुराखाली आलं. नंतर डावंही. आवाज ऐकला. काडीचा नव्हता, फांदीचा होता.

मी पण एक लाथ घातली. पोटात. बरं वाटलं — खोटं कशाला लिहू.

दाभण कमरेलाच राहिलं.

४ डिसेंबर

नगरच्या दवाखान्यातून दाजीला आणला. जगला. उजवा हात कायमचा गेला, डाव्याची दोन बोटं वाचतील म्हणे. अक्का भरवत होती. तो तोंड उघडून बसलेला.

"लवकर भरव की गं, भुकेलाय त्यो," केशरबाई म्हणाली.

"घाई न्हाई, आत्याबाई. भाकरीला डाग पडलाय, तेवढा काढते."

आणि सावकाश काढत बसली.

मी विचारलं, देवळालीला कधी निघायचं? "आता कशाला? घर हितंच हाय माझं," म्हणाली.

दैव बघा! माझ्या कच्च्या गाठींनी एवढं केलं. नाहीतर आज मी जेलात असतो.

७ डिसेंबर

उरलेल्या लडी दमयंतीबाईंना द्यायला गेलो. सोबत माझी सरावाची चिंधी होती, जरा मिरवावी म्हणून. त्यांनी उलटून बघितली आणि हसल्या.

"अरे कानिफनाथ, सुई त्याच भोकात घातलीस? गाठ खाली निसटणारच! एक धागा सोडून शेजारी घालायची. कुणी शिकवलं तुला असं? आमच्या पोरींना तुझी अक्का, विजयमाला, पहिल्या दिवशी हेच तर बजावते."

घरी आलो. अक्का दारात बसून टोपड्यावर लाल गाठी मारत होती. मोडकी बोटं अजून अडखळतात. तिनं वर बघितलं नाही. मी तिच्या हाताकडं बघत उभा राहिलो.

सुई दर वेळी एक धागा सोडून.