शिळं गणित आणि लांबलेले जिने

ती. सॉल्वेग मावशीच्या सेवेशी,

तुझ्या भाचीचा, करिनचा, नमस्कार. इकडे डुलुथला सगळे धडधाकट आहेत. बंदर गोठलंय, आईची जीभ तेवढी वाहती आहे. तुझं पत्र पोचलं. 'तब्येत फार वाईट नाही, फक्त यंदा घरातले जिने लांबलेत, रात्री खुर्चीत बसूनच झोप बरी लागते आणि बूट आखडलेत' हे वाचलं. (बुटांचा दोष तू दुकानदारावर ढकललास, तेही वाचलं.) फोन केला तर हवामान सांगून तू ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले.

इतकी वर्षं बाहुल्यांचे खेळ करून झाल्यावर मला आता डॉक्टरकीच्या वाटेला लागायचंय, हे आईनं तुला रंगवून सांगितलंच असेल. मला वाटलं, नाट्यशास्त्राची का असेना, पदवी आहे. राहिलेले विषय उरकले की झालं. म्हणून कॉलेजच्या सल्लागाराकडे, प्रुइट साहेबांकडे गेले. (त्यांच्या खोलीत कुंड्या फार आहेत आणि सगळ्या सुकलेल्या.) ते म्हणाले, जीवशास्त्राला बसायचं तर आधी रसायनशास्त्र हवं, आणि रसायनशास्त्राआधी गणित. म्हटलं, गणित तर झालंय माझं, गुणही चांगले आहेत. साहेब हळहळले. म्हणाले, "फार जुनं आहे हो, ते आता धरत नाहीत." मावशी, काकांनी मारलेलं शेवटचं हरीण तुझ्या फ्रीझरमध्ये अजून खाण्याजोगं आहे आणि माझं गणित मात्र शिळं झालं. तेव्हा सध्या मी मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या वर्गात बसते. बाकावरचा माझा जोडीदार ब्रेडन मला मॅडम म्हणतो. पहिल्या दिवशी त्यानं अदबीनं दार धरून विचारलं, "मुलाला न्यायला आलात का?"

तिकडे आईनं चर्चमध्ये जाहीर करून टाकलं की करिन डॉक्टर झाली. (होणार आहे, होऊ शकेल, आधी अर्ज करावा लागेल, असल्या बारीकसारीक गोष्टींत आई कधी पडली नाही.) गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात कॉफीला उतरले, तर बटाट्याच्या हॉटडिशचं ताट हातात येण्याआधी म्हाताऱ्या आर्विड लुंडचा पाय माझ्या मांडीवर आला. "दुखत नाही गं, पण तू आहेसच तर बघ." मोजा काढला तर अंगठा काळानिळा. कधीपासून, विचारलं, तर म्हणे नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास कुऱ्हाड जराशी निसटली, फार वाईट नाही. मी त्याला गाडीत कोंबून इस्पितळात नेलं. तिथेही तो खिडकीतल्या बाईला सांगतोय, "घाई नाही, आधी बाकीच्यांचं होऊ दे." अंगठा वाचला, पण थोडक्यात. आपल्या लोकांची भाषा मला आता पक्की कळते. 'फार वाईट नाही' म्हणजे गाडी काढा, आणि 'ठीक आहे' म्हणजे पाद्रीबुवांनाही बोलवा.

आता माझी खरी अडचण. साहेब म्हणतात, नुसत्या गुणांवर काही होत नाही. अर्ज करण्याआधी एखाद्या डॉक्टरमागे सावलीसारखं उभं राहून काम पाहावं लागतं, नाहीतर अर्जाला कुणी हात लावत नाही. मी गावातले डॉक्टर पालथे घातले. एकाला त्याचा वकील परवानगी देत नाही. दुसऱ्याकडे आधीच दोन सावल्या आहेत, तिसरीला उभं करायला जागा नाही. एका बाईंनी तर इतकं गोड बोलून कॉफी पाजली की मी आभार मानून निघाले, आणि त्या नाही म्हणाल्या हे मला घरी पोचल्यावर कळलं. सावली मिळाली नाही तर पुन्हा बाहुल्या आहेतच.

बाकी क्षेम. आईनं तुझ्यासाठी लेफ्साच्या पोळ्या लाटून ठेवल्यात.

तुझी,
करिन

ता. क. मला एक युक्ती सुचलीय. डॉक्टरच्या खोलीत परक्या माणसाला शिरू देत नाहीत, पण पेशंटच्या भाचीला देतात. तेव्हा तू माझ्यासाठी एकदा तपासून घे. तुला काही झालेलं नाही, ठाऊक आहे मला; केवळ माझी सोय म्हणून. हृदयाच्या डॉक्टरची वेळ घेतलीय, गुरुवारी सकाळी गाडी घेऊन येते. आयुष्यात तू कुणाची अडवणूक केली नाहीस, भाचीची तरी करू नकोस.

आणखी एक. प्रुइट साहेबांना विचारलं. नातेवाइकाबरोबर बसलेलं धरत नाहीत म्हणे, सावली म्हणून त्याचा काडीचा उपयोग नाही. तरी मी येणार आहे. जिने लांबत नसतात, मावशी. हृदयाचा धडा आम्हाला अजून यायचाय, पण मला भीती वाटते. तोवर वरच्या मजल्यावर जाऊ नकोस, आणि बूट चढत नसतील तर काकांचे घालून बस.