कुलूप असूनही घरी असल्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
घरोघर पाहणी पथक,
मुक्काम : शहापूर

अर्जदार : ज्ञानेश्वर लखमा वेखंडे, रा. करवंदपाडा, शेणव्याजवळ, ता. शहापूर

विषय : अर्जदाराच्या नावापुढील ‘प्रतिसाद नाही’ हा शेरा रद्द करणे व शेजाऱ्याच्या नळाला आलेले पाणी मागे घेणे याबाबत.

संदर्भ : आपल्या पथकाने अर्जदाराच्या चौकटीवर खडूने लिहिलेला मजकूर (अद्याप पुसलेला नाही).

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, गेल्या मार्गशीर्षात आपले पाहणीदार श्री. नरेंद्र करवंदपाड्यात आले होते. सबंध पाड्यातून चिठ्ठी एकाच घराची निघाली होती व ते घर अर्जदाराचे होते. पाड्याच्या वतीने त्या घराने बोलायचे होते. हा मान अर्जदारास फार उशिरा कळला. त्या दिवशी एवढेच कळले की, कागदवाला येतो आहे.

२. आमच्या भागात कागदवाल्याने “जमीन किती?” असे विचारले की मागाहून त्या जमिनीवर धरण येते, नाहीतर रस्ता. म्हणून पुढच्या दाराला कुलूप घालावे आणि मागच्या दाराने आत शिरून गप बसावे, अशी रीत पडली आहे. अर्जदाराच्या वडिलांनीही ती पाळली. धरण यायचे ते आलेच. पण वडिलांनी सांगितले म्हणून आले, असे म्हणायची कोणाची टाप नाही.

३. श्री. नरेंद्र यांनी कडी वाजवून “कोण आहे का घरात?” असे दोनदा विचारले. अर्जदार खोटे बोलत नसल्याने काहीच बोलला नाही. त्यास खोकला आला, तो पत्नी सौ. सुंदरा यांनी पदराचा बोळा देऊन आतल्या आत जिरविला. तेव्हा श्री. नरेंद्र यांनी चौकटीवर खडूने ‘प्रतिसाद नाही’ असे लिहिले व आपल्या नियमाप्रमाणे बदली म्हणून शेजारचे घर धरले. ते घर श्री. राघो यांचे.

४. येथे नमूद करणे भाग आहे की, राघो त्या सुमारास मुलासाठी, म्हणजे चि. स्वरूपसाठी, मुलगी बघत होते आणि मुरबाडकडून मुलीचे मामा घर बघायला येणार होते. श्री. नरेंद्र हेल्मेट काढून, बूट बाहेर ठेवून ओटीवर बसले व विचारू लागले : घरात माणसे किती, कमावते कोण, घर स्वतःचे का, जमीन, जनावरे, गाडी, संडास, नळ. महोदय, मुलीचा मामाही हेच विचारतो आणि थोड्याफार याच क्रमाने. राघो हरखून म्हणाले, “इचारा मामा, काय पन इचारा. आमच्यात लपवायची रीत नाय.”

५. अर्जदार हे सर्व कुडाच्या फटीतून बघत होता. राघोंनी प्रथम अर्जदाराची मोटारसायकल स्वतःची म्हणून दाखविली. नंतर अर्जदाराची म्हैस दाखविली व “दूध घरच्यालाच पुरत नाय, एवढी खानारी मानसा” असेही सांगितले. म्हैस अर्जदाराच्या फटीकडे बघून रेकली. अर्जदार ओरडणार होता. परंतु तो घरी नव्हता.

६. सर्वांत गंभीर बाब नळाची. पाड्यात नळ नाही. राघोंनी भिंतीत एक तोटी बसविली आहे, तिच्यामागे परसात निळे पिंप आहे. “फिरवा ना मामा,” असे ते म्हणाले. श्री. नरेंद्र यांनी तोटी फिरविली, पाणी आले. ते कसे नाही येणार? परसात राघोंच्या पत्नी सकुबाई हंड्यामागून हंडा पिंपात ओतीत होत्या आणि “बंद कर रं आता” असे दबक्या आवाजात म्हणत होत्या. श्री. नरेंद्र यांचा काहीही दोष नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिले तेच लिहिले.

७. परिणाम असा की, यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर ग्रामसभेत वाचून दाखविण्यात आले : करवंदपाडा, पाणी घरात, सबब टँकरची आवश्यकता नाही. तेव्हापासून सकुबाई व सौ. सुंदरा पहाटेच ओहोळात उतरतात, खड्ड्यात पाझर साचेपर्यंत बसून राहतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात. सकुबाई साक्ष देण्यास तयार आहेत. “मोडली सोयरीक तर मोडू दे,” असे त्यांनी राघोंना भर ओहोळात ऐकविले, “पोराला बायको आनशील, तर तिला पन इथंच आनून बसवशील ना?”

८. तरी विनंती की,
(अ) श्री. नरेंद्र यांना पुन्हा पाठवावे. अर्जदार ओटीवर बसलेला असेल. जमीन किती, तेही सांगेल. पाणी जाण्यापेक्षा जमीन विचारलेली बरी, असे सौ. सुंदरा यांनी ठरविले आहे.
(आ) त्यांनी नळ जरूर पाहावा, मात्र परसातून.
(इ) तोवर टँकर सुरू करण्यासाठी पंचायतीस आपल्या सहीने दोन ओळी द्याव्यात.
(ई) म्हैस अर्जदाराच्या नावे करावी.

९. राघोंना ती पाहणी होती, हे अनेक वेळा समजावून झाले. त्यांना पटत नाही. “सरकारला माझी म्हस कशाला पायजे?” असे ते विचारतात. ‘माझी’ या शब्दावर अर्जदाराची हरकत आहे. मामांकडून निरोप नाही म्हणून ते कष्टी असून, त्यांच्या आग्रहाखातर त्यांचे म्हणणे येथे जोडीत आहे : “नाय तर नाय सांगा. पन एवढा सगला इचारून गेलेल्या मानसानी उत्तरच देऊ नये, ही कुठली रीत?”

आपल्याकडून आठवडाभरात उत्तर न आल्यास ते खडू घेऊन आपल्या कार्यालयाच्या दाराशी येणार आहेत. अर्जदार त्यांना अडवू शकत नाही, कारण आपल्या दप्तरी तो घरीच नाही.

आपला नम्र आणि यापुढे घरी असणारा,
ज्ञानेश्वर लखमा वेखंडे
करवंदपाडा, दि. १८ मार्च २०२५

सोबत : १) पुढच्या दाराच्या कुलपाची चावी (परत नको). २) चि. स्वरूपचा फोटो (राघोंकडून, पसंत नसल्यास परत पाठवावा).