मोठ्यानं ओरड, आई

प्रिय आई,
तुझ्या रागासकट तुला नमस्कार.

लग्नानंतर सुटलेलं धावणं मी परत धरलंय. परवा शर्यतीत उतरले. तिथल्या बाईंनी मला आधी पालकांच्या बाकाकडे पिटाळलं. जॅकेट काढून छातीवरचा नंबर दाखवला, तशा ओशाळल्या.

शेवटून दुसरी आले. शेवटची माझ्याहून लहान होती, हे मावशीला मुद्दाम सांग.

गुडघा जरा सुजलाय, पण लॉन्ड्रीत इस्त्रीला उभी राहते, म्हणजे ठीकच आहे. तुझी पाठ काय म्हणते?

लहानपणी मी धावले की तू "पडशील!" म्हणून ओरडायचीस. परवा तुझी नात "आई, पळ!" म्हणून ओरडत होती.

पुढच्या शर्यतीला तुला फोन लावून तिच्या हातात देते. तू खुशाल "पडशील" म्हण, पण मोठ्यानं. मला शेवटच्या वळणावर ऐकू आलं पाहिजे.

तुझी हट्टी थोरली